आतून फुटलेली काच

पुढची काच फुटली की गाडीवाला खरं बोलतो आणि मागची फुटली की खोटं, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पुढची काच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुटते. ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, लागला, संपलं. त्यात सांगायचं काय आणि लपवायचं काय! मागची काच मात्र पाठीमागे फुटते. कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून जो तो आपल्या सोयीचं सांगतो. आमच्या बनारसमध्ये या सोयीच्या गोष्टी तीनच: माकड, सांड आणि पोरांची दगडफेक. लहुराबीरच्या माझ्या दुकानासमोर गाडी थांबायची, मालक उतरायचा आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "अरे गुरू, बंदर कूद गया." मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, बघू या.

स्वभावानं मी संशयी. बायको म्हणते, "तुम्हाला तर पानवाला चुना जास्त लावतो याचाही शक येतो." येतो. कारण तो लावतो.

आमचं घर दूधविनायकच्या गल्लीत, पणजोबांच्याही आधीपासूनचं. वडील, म्हणजे अण्णा, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. नागपूर-वऱ्हाडाकडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरायची. अण्णा त्यांना दशाश्वमेधावर नेऊन संकल्प सांगायचे आणि आई त्यांना आपल्याकडचं वरण-भात-तूप वाढायची. मी थोरला मुलगा, पण मंत्रांत माझं मन रमलं नाही. नदेसरला एका उस्तादांकडे जाऊन गाडीच्या काचा बसवायला शिकलो. गल्लीत पुष्कळ हसले. "पंडितजी क लड़का सीसा लगावत हौ!" अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "कर, पण हात कापून नको घेऊस."

बाहेरच्या माणसाला वाटतं, काच बसवणं म्हणजे चिकटवणं. जुन्या गाड्यांत तसं नव्हतं. जुन्या अँबॅसडरची मागची काच रबराच्या चौकटीत बसते. या रबराला दोन खाचा असतात. आतल्या खाचेत काच आणि बाहेरच्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. आधी काचेला चारी बाजूंनी रबर चढवायचं. मग पत्र्याच्या खाचेत एक मजबूत सुतळी सगळीकडून फिरवून तिची दोन्ही टोकं मोकळी ठेवायची. रबराला साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून जागेवर टेकवायची आणि सुतळीची टोकं आत घ्यायची. आता एक माणूस गाडीत बसून सुतळी हळूहळू ओढतो. सुतळी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत पलटत जातो. दुसरा माणूस बाहेरून तळहातांनी काच दाबत राहतो. दोघांचा ताल जमला तर काच पंधरा मिनिटांत अशी बसते की चार पावसाळे थेंब आत येत नाही. नाही जमला तर रबर फाटतं किंवा काचच जाते. म्हणून हे काम एकट्याचं नाही.

दुसरी गोष्ट काचेची. मागची काच भट्टीत तापवून कडक केलेली असते. मधोमध बुक्की मारा, काही होणार नाही. पण तिच्या काठाला टणक टोकदार वस्तू जराशी लागू द्या, सबंध काच एका क्षणात साबुदाण्याएवढ्या दाण्यांची होऊन कोसळते. आणि हे दाणे बोलतात. बाहेरून फटका बसला तर दाणे सीटवर जास्त पडतात, आतून बसला तर डिकीवर. डिकीच्या झाकणाभोवती पाण्यासाठी एक पन्हळ असते, तिच्यात ते जाऊन बसतात आणि गाडी कितीही पळवली तरी काही तिथंच राहतात. माझ्या दुकानात गाडी आली की मी आधी त्या पन्हळीत बोट फिरवायचो. मग मालकाची कथा ऐकायचो.

या बोटानं मी पुष्कळ कथा मोडल्या. एक प्राध्यापक दगडफेक झाली म्हणून आले. मी पुढच्या सीटखालून एक लाल चेंडू काढून त्यांच्या हातात दिला. त्यांचा नातू शेजारीच उभा होता, त्यानं तो लगेच मागून घेतला. एका ठेकेदारानं तर पोलीस थाण्यात तक्रार केली होती की मागची काच फोडून कुणी तरी आतली बॅग पळवली. दरोगाजींनी मला बोलावलं. मी पाहिलं तर सीट स्वच्छ आणि डिकीवर दाण्यांचा सडा. "साहब, चोर क्या गाडी के अंदर बैठ के अंदर आया?" मी विचारलं. ठेकेदाराचं तोंड उतरलं, दरोगाजी पोट धरून हसले आणि त्या दिवसापासून लहुराबीरपासून कबीरचौऱ्यापर्यंत माझं नाव 'सीसा गुरू' पडलं. मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू? माणूस एकदा आपल्या नावाच्या प्रेमात पडला की त्या नावाला साजेसं वागायला बघतो.

एकदाच काय तो एका डॉक्टरांच्या बाबतीत तोंडघशी पडलो. ते माकड म्हणाले, मी हसलो, आणि तेवढ्यात समोरच्या छपरावरून खरंच एक गडी उडी मारून त्यांच्या बॉनेटवर येऊन बसला आणि माझ्याकडे टकमक पाहू लागला. डॉक्टर म्हणाले, "लीजिए, गवाह आ गया." ती गोष्ट हसण्यावारी गेली. मी त्यातून काही शिकलो नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. मारुती गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, तेव्हाचं. चैत्र होता. नागपूरचे भाऊसाहेब आमच्याकडे उतरले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के आणि रागाचेही पक्के. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो, वर्षभर आजारात काढून उठल्या होत्या. बरी झाले तर काशीला येऊन गंगेचं पाणी घरी नेईन, असा त्यांचा नवस होता. त्यांची अँबॅसडर माझ्या लग्नाच्याही आधीची होती. ती चालवायला गणपत. बावीस वर्षं त्यांच्याकडे असलेला, उंच, सावकाश बोलणारा माणूस. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा रात्रंदिवस तोच बाहेर बसून राहायचा, असं काकूंनीच आईला सांगितलं होतं.

चार दिवस गणपतनं त्यांना सारनाथ, रामनगर, प्रयाग असं सगळं फिरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो भाऊसाहेबांसमोर येऊन उभा राहिला. मी तिथंच होतो. तो म्हणाला, "साहेब, सकाळी एक तास द्याल का जी? बापाच्या नावानं पाणी सोडायचं होतं."

"आता?" भाऊसाहेब म्हणाले. "चार दिवस काय करत होतास? पहाटे निघायचंय आपल्याला."

चार दिवस तो काय करत होता हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गणपत "बरं जी" म्हणून गेला. पण त्याचा चेहरा मी पाहिला होता आणि तो माझ्या लक्षात राहिला.

पहाटे ते निघाले. आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक यजमानाला आई गंगेचा गडू द्यायची. ठठेरी बाजारातला लहानसा तांब्याचा गडू, त्यात गंगा भरून तोंडाला डाख देऊन पक्का बंद केलेला, झाकणावर एक टोकदार बोंड. गावी गेल्यावर मावंदं घालतात तेव्हा त्याची पूजा होते. तो घरी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही आणि पायाशी ठेवायचा नाही, असा आमच्या घरचा दंडक. रेल्वेनं जाणारे तो मांडीवर घेऊन जायचे. गाडीवाल्यांची सोय मी शोधून काढली होती. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली, एक रुंद फळी असते. कुणाचा पाय नाही, धक्का नाही, उंच जागा. मी काकूंच्या हातातला गडू घेतला, कापडाची चुंबळ करून फळीच्या कोपऱ्यात ठेवली, त्यात गडू बसवला, कलंडू नये म्हणून काचेला नीट टेकवला आणि म्हणालो, "काकू, आता निश्चिंत जा. गंगा तुमच्या पाठीशी आहे." काकूंनी हात जोडले.

दुपारी तीनच्या सुमारास गाडी परत दुकानासमोर आली. मागच्या काचेच्या जागी काकूंचं लुगडं बांधलेलं.

घडलं ते असं. मिर्झापूरच्या पुढे विंध्याचलला देवीच्या दर्शनासाठी ते थांबले. भाऊसाहेब आणि काकू देवळात गेले. गाडी उतारावर, शेपटीकडची बाजू खाली, अशी उभी होती. गणपत गाडीत थांबला. दोघं परत आले तर काच फुटलेली आणि गणपत झाडूसारखी कडुलिंबाची डहाळी घेऊन सीट साफ करतोय.

"मी पुढच्या सीटवर पडलो होतो जी," तो मला म्हणाला. "फट्ट आवाज आला. उठून पाहतो तर काच नाही."

"आणि माणूस?"

"कोणी नव्हतं."

"माकड?"

"नाही जी. काहीच नव्हतं."

माझ्या उभ्या आयुष्यात माकडाचंसुद्धा नाव न घेणारा हा पहिला माणूस. मला तेच संशयास्पद वाटलं. काकू मात्र वेगळ्याच आनंदात होत्या. एवढी काच फुटली आणि गंगेच्या गडूला साधा पोचा नाही! "देवीनं गंगा राखली हो," त्या म्हणाल्या. दुकानात असलेल्या सगळ्यांनी गडूला नमस्कार केला. मीही केला. गडू काकूंच्या मांडीवर होता. तसा तो घ्या असं गणपतनंच त्यांना विंध्याचलला सांगितलं होतं, फळीवर पुन्हा ठेवू दिला नव्हता. हे ऐकून मी मनात म्हणालो, वा, भक्तीचं सोंगही छान वठवलंय.

मी पन्हळीत बोट फिरवलं. खच्चून दाणे. फळीवर मोजून मूठभर. काच आतून फुटली होती आणि आत एकच माणूस होता.

भाऊसाहेबांना तेव्हाच सांगितलं नाही. त्या जुन्या मॉडेलची काच माझ्याकडे नव्हती, ती शोधायला एक दिवस लागणार होता. म्हणजे त्यांना काशीत आणखी एक रात्र राहणं भाग होतं. हे माझ्या तोंडून निघालं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काशीत आणखी एक सकाळ कुणाला हवी होती?

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मुद्दाम संकठा घाटावर गेलो. गणपत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पायरीवर अण्णा बसून त्याला शब्द सांगत होते आणि तो ओंजळीनं पाणी सोडत होता. अण्णांनी स्वतःच त्याला उठवून आणलं होतं. मी वरच्या पायरीवरून पाहिलं आणि परत फिरलो. मला वाटलं, आता पुराव्याला काय हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला?

दुपारी काच मिळाली. माझा जोडीदार रामधनी गावी गेला होता, म्हणून बाहेरून काच दाबायला गणपतच उभा राहिला. मी आत बसून सुतळी ओढत होतो. तो बाहेरून दोन्ही तळहात टेकून, जरा जरा सरकत, काच दाबत होता. पंधरा मिनिटं आम्ही दोघं वीतभर अंतरावर, मध्ये काच. मी सुतळीपेक्षा त्याच्या तोंडाकडेच जास्त पाहत होतो. त्याचं लक्ष मात्र सगळं रबरावर. एकदा रबराचा ओठ कोपऱ्यात मुडपला, ते माझ्याआधी त्याला दिसलं. त्यानं बोटानं काचेवर टकटक करून दाखवलं. काच बसली. त्या रबराइतकं सुरेख बसलेलं रबर माझ्या हातून फार वेळा झालेलं नाही.

संध्याकाळी घरी बैठकीत मी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. दाणे कुठं होते, त्याचा अर्थ काय होतो, निघायच्या आदल्या संध्याकाळी गणपतनं काय मागितलं होतं, आज पहाटे काय झालं. मी बोलत असताना मला स्वतःचं बोलणं आवडत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. भाऊसाहेबांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी गणपतला हाक मारली.

"गणपत, काच आतून फुटली असं प्रभाकर म्हणतो. आणि तो या कामातला जाणता आहे."

गणपत माझ्याकडे पाहत उभा राहिला.

"तूच फोडलीस," मी म्हणालो. "गाडी परत काशीला यावी म्हणून."

"नाही जी."

मी उठलो, देव्हाऱ्यासमोर ठेवलेला काकूंचा गडू आणला आणि त्याच्यापुढे धरला. आमच्या काशीत कोर्टापेक्षा मोठी शपथ एकच. "मग उचल ही गंगा आणि सांग."

गणपतनं गडूकडे पाहिलं, हात जोडले आणि दोन पावलं मागे सरकला. "नाही जी. गंगा नाही उचलणार. तिला यात नका आणू."

"पाहिलंत?" मी भाऊसाहेबांना म्हणालो.

कोपऱ्यात अण्णा जप करत बसले होते. त्यांनी डोळे उघडले. "प्रभाकर, ठेव ती परत जागेवर. एका काचेसाठी गंगा उचलायला सांगतोस? अरे, खऱ्या माणसालाच तिची भीती वाटते. खोटा तर रोज उचलतो, मी घाटावर पन्नास वर्षं बघतोय."

"अण्णा, गाडीतलं तुम्हाला नाही समजणार," मी म्हणालो.

अण्णा पुन्हा जपाला लागले. भाऊसाहेबांनी गणपतला सांगितलं की उद्याच्या रेल्वेनं जा आणि पुन्हा दारात येऊ नकोस. काकू रडायला लागल्या, म्हणाल्या, "अहो, बावीस वर्षं!" भाऊसाहेब म्हणाले, "म्हणूनच." गणपतनं गाडीची किल्ली काढून जमिनीवर ठेवली. अण्णांच्या पाया पडला, काकूंच्या पडला. पिशवी घेतली आणि जिना उतरून गेला. त्या रात्री तो आमच्याकडे जेवला नाही. मी जेवलो.

भाऊसाहेब स्वतः गाडी चालवत नागपूरला गेले. जाताना काकूंनी गडू मांडीवरच घेतला. गणपतनं तसं सांगितलंय, म्हणाल्या. मी ही गोष्ट दुकानात पुष्कळ वर्षं रंगवून सांगत असे. 'सीसा गुरू'च्या गोष्टींत तिचा पहिला नंबर होता.

नऊ-दहा वर्षं गेली. आई गेली, मग अण्णा गेले. यजमान येणं कमी झालं, तरी गडू द्यायची रीत बायकोनं चालू ठेवली. मी एक जुनी अँबॅसडर स्वतःसाठी घेतली. प्रयागला माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून आम्ही दोघं गडू घेऊन निघालो. मी चुंबळ करून तो नेहमीच्या जागी ठेवला. मागच्या फळीवर, कोपऱ्यात, काचेला टेकवून.

वाटेत रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या लागल्या होत्या. बायको उतरून पेरू निवडायला गेली आणि तिचं निवडणं म्हणजे मुलीला स्थळ पाहण्यासारखं. मी गाडी चढावर उभी केली, शेपटीकडची बाजू खाली, आणि डोळे मिटून बसलो. ऊन पाठीवर येत होतं.

फट्ट!

मी दार उघडून बाहेर धावलो. मागची काच गेली होती. आधी मी माकड शोधलं. मग पोरं शोधली. दोन्ही बाजूंना मटाराची शेतं, लांबवर सायकलवर जाणारा एक म्हातारा, बस. सवयीनं डिकीच्या पन्हळीत बोट गेलं. खच्चून दाणे. म्हणजे आतून. आणि आत कोण होतं? मी.

मग मी फळीकडे पाहिलं. वाटेतल्या खड्ड्यांनी चुंबळ सरकली होती. गडू मागे कलला होता आणि त्याच्या झाकणाचं तांब्याचं टोकदार बोंड, जिथं काचेचा खालचा काठ होता, नेमकं तिथं रबरात रुतलं होतं. बोंडावर काचेची पिठी चिकटलेली होती. प्रवासभर ते काठाला कुरतडत होतं. चढावर गाडीची शेपटी खाली झाली तसा सगळा भार त्याच्यावर आला, त्यात ऊन. बाकी काही लागत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. काठाला टणक टोक लागलं तर काय होतं हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत होतो.

बायको पेरू घेऊन धावत आली. "अगंबाई! अहो, काय केलंत?"

"मी काही नाही केलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ते पाहणं मी ओळखलं. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांकडे तसंच पाहत आलो होतो. मला विंध्याचलचा उतार दिसत होता आणि गडू काचेला टेकवणारा माझा हात दिसत होता. काच त्या दिवशी खोटं बोलली नव्हती. ती आतूनच फुटली होती. तिच्याशेजारी ठेवलेल्या ज्या वस्तूला आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला, तिच्यावर मला संशय आला नाही. जो माणूस खरं बोलत होता, त्याच्यावर आला.

घरी परतल्यावर मी भाऊसाहेबांना पत्र लिहिलं. लिहिताना तीन कागद फाडले. सगळं लिहिलं, काही राखून ठेवलं नाही, आणि गणपतचा पत्ता मागितला.

महिन्याभरानं उत्तर आलं ते काकूंचं. भाऊसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले होते. काकूंनी लिहिलं होतं की भाऊसाहेबांनी गणपतबद्दल बाहेर कधी अवाक्षर काढलं नाही. पण बावीस वर्षांचा माणूस एका यात्रेतून कामावरून सुटून आला म्हटल्यावर लोक समजायचं ते समजले. त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. तो भावाच्या भाजीच्या दुकानात बसतो. काकूंनी त्याला बोलावून घेतलं आणि माझं पत्र वाचून दाखवलं.

तो शांतपणे ऐकत होता म्हणे. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं जी. गडू फुटक्या काठात अडकला होता. म्याच काढला, पुसला अन् ठेवला."

काकूंनी विचारलं, "अरे, मग बोलला का नाहीस?"

त्यावर गणपत जे म्हणाला ते काकूंनी त्याच्याच शब्दांत लिहिलं होतं. "तुम्ही एवढ्या दुखण्यातून उठून नवस फेडाया गेल्या होत्या. देवीनं गंगा राखली म्हणून किती खूश होत्या! गंगेनंच काच फोडली म्हणून सांगतलं असतं तं तुमच्या जिवाला लागलं असतं, यात्रा फळली नाही म्हणून. अन् ज्या घरी मी जेवलो, जिथल्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्या बापाचं पाणी सोडलं, त्या घरच्या माणसानं तो गडू हातानं ठेवला होता. त्यायनं मला इचारलं असतं, काच कशी फुटली, तं एकट्यात सांगतलं असतं. पण त्यायनं इचारलं नाही जी. त्यायनंच मला सांगतलं."

ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्याला वेगळं पत्र लिहिलं, क्षमा मागितली, काशीला ये म्हणालो. त्याचं उत्तर आलं नाही आणि यावं असा माझा हक्कही नव्हता. दुकान मी त्यानंतर आठ वर्षं चालवलं. गाडी आली की पन्हळीत बोट फिरवायच्या आधी मालकाला समोर बसवायचो, पाणी द्यायचो आणि त्याचं पुरतं ऐकून घ्यायचो. संशय गेला असं नाही, स्वभावाला औषध नाही. पण आधी विचारायचं, एवढं शिकलो. आणि आमच्या घरून निघणाऱ्या यजमानाला आजही मी स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला जातो आणि गडू मांडीवर दिल्याशिवाय गाडी हलू देत नाही.

काकूंच्या पत्राच्या शेवटी चार ओळी होत्या. ती जुनी गाडी अजून त्यांच्या दारात उभी होती, मुलगा अधूनमधून काढायचा. पत्र ऐकून झाल्यावर गणपत उठला, बाहेर जाऊन गाडीला एक फेरी मारून आला आणि त्यानं विचारलं, "काकू, मागची काच पावसात गळत तं नाही ना? त्या दिवशी बाहेरून म्याच दाबली होती."

नाही गळत, असं काकूंनी त्याला सांगितलं होतं.